मूळचा रंग

"चालवणाऱ्याची डावी बाजू गेलेली दिसते," पांढऱ्या गाडीच्या मडगार्डवरून अंगठा फिरवत तो म्हणाला. "लिही. ह्याचे पैसे किमतीतून वेगळे तोड."

"गाडीची डावी बाजू ना, काका?" लिहिणारीनं विचारलं. हातातल्या टॅबवर तिची लांब नखं सतत वाजत, म्हणून जुन्या गाड्यांच्या त्या यार्डात सगळे तिला टकटक म्हणत.

"गाडीची तर दिसतेच आहे. मी माणसाचं म्हणतोय. नवशिका असता तर मागचं दार घासलं असतं. वळताना मागचं चाक आत येतं, ते त्याच्या लक्षात राहत नाही. इथे बघ. पुढचा कोपरा, मडगार्ड, आरसा. सगळं पुढचं, आणि सगळं एकाच अंगाचं. ह्याला तिकडे भिंत आहे हेच मुळी दिसत नसणार."

"नाहीतर त्या बाजूला बायको बसत असेल," टकटक म्हणाली. "तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं असेल त्यानं."

तोही हसला. हसता हसताच त्यानं दार उघडलं, आत बसला, नेहमीप्रमाणे आधी एक श्वास घेऊन आतला वास पोटात साठवला आणि डावा हात पुढे करून समोरच्या कप्प्याचं झाकण ओढलं. झाकणाची खिटी तुटलेली होती. तिच्या जागी तांब्याची तार पिळून बसवलेली होती आणि तारेचा पीळ उलटा होता, डावखुऱ्या माणसाचा. शेवटचं टोक आत दुमडलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून नखानं दाबून निजवलेलं. तो त्या टोकाकडे बघत राहिला. मग त्याचं बोट आपणहून तिथे गेलं आणि आपलंच काम ओळखून तिथेच थांबलं. ही तार त्यानं बसवली होती. घराच्या पायरीशी उभ्या असलेल्या गाडीत, एका रविवारी, हातात चहाचा कप धरून बायको बाहेर उभी असताना.

बाहेर टकटक म्हणत होती, "आतलं सांगा ना काका, आतलं." त्याला ते ऐकू येत होतं, पण पाण्याखालून ऐकू यावं तसं. आपल्या घरातली गाडी आपण अर्धा तास परक्यासारखी चाचपली, तिच्या अंगावरच्या जखमा मोजल्या, चालवणाऱ्या माणसावर विनोद केला आणि विनोदावर हसलोही. त्यानं झाकण लावलं. परत उघडलं. तार तीच होती.

यार्डाचा नियम असा होता की हात आधी, कागद नंतर. गाडी आत आली की तिच्या दोन्ही नंबरांवर काळ्या कापडाच्या पिशव्या चढत. मालकानं काचेच्या खोलीत बसायचं, खोलीचा पडदा ओढलेला असायचा. गाडी कुणाची, हे किंमत सांगणाऱ्याला कळता कामा नये आणि किंमत सांगणाऱ्याचा चेहरा गाडीवाल्याला दिसता कामा नये. ओळखीपाळखीत यार्ड एकदा चांगलंच बुडालं होतं, तेव्हापासूनचं हे. किंमत सांगणारे दोघं. एक मामा, ज्यांना बहिरेपण येत चाललं होतं पण बोटांना येत नव्हतं. आणि दुसरा तो, ज्याला सगळे वैद्य म्हणत, कारण तो पत्र्याला हात लावायचा तो नाडी बघितल्यासारखा. बोटाच्या पेरानं हलकेच दोनदा वाजवून तो रंगाखाली पुट्टी भरली आहे का ते सांगे. अस्सल पत्रा खणकन बोलतो, भरलेला पत्रा तोंडात घास असल्यासारखा. पुट्टी नसली तर तो लिहायला सांगायचा, 'मूळचा रंग'. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती. आणि नंबरावरच्या त्या काळ्या पिशव्या, खोलीचा तो जाड पडदा, दोन्ही त्याच्या बायकोनं शिवून दिलेले होते. ती पडदे शिवायची. मापं घ्यायला, कापडाचे तागे आणायला, तयार पडदे घरोघर लावून द्यायला तिला गाडी लागायची. नियम तिला माहीत होता. आणि आज तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, यार्डाच्याच दुसऱ्या शेडवर असणार, हेही तिला माहीत होतं. तिथलं काम सकाळी ऐनवेळी रद्द झालं, हे तेवढं माहीत नव्हतं.

गाडी ओळखू आली नाही याला कारण होतं आणि ते कारण त्यानं स्वतःच निवडलेलं होतं. गाडी घ्यायची ठरली तेव्हा तो बायकोला याच यार्डात घेऊन आला होता. स्वस्तातल्या गाड्यांची एक रांगच होती. यार्डातल्या बोलीत त्यांची कुळं ठरलेली होती. 'घरची' म्हणजे त्या कंपनीची गाडी जिचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, जिला कुठल्याही गल्लीतला मेकॅनिक डोळे मिटून उघडतो, जी दिसायला काहीच नाही पण दहा वर्षांनीही घेणारा दारात उभा असतो. 'पाहुणी' म्हणजे लांबून आलेल्या कंपनीची, देखणी, दार लावलं की गादीवर उशी टाकल्यासारखा आवाज करणारी. पण कंपनी उद्या गाशा गुंडाळून गेली तर हिचं कोण, या एका शंकेनं जिचा भाव पहिल्या वर्षातच पायऱ्या उतरू लागतो. तिसरी 'नटवी'. त्या कंपनीला दर वर्षी नवा मुखडा काढायची हौस, त्यामुळे कालची गाडी आज आपोआप म्हातारी. बायको एका पाहुणीपाशी थांबली होती. गाडीचा रंग मोरपिशी होता आणि ऊन पडलं की त्यात हिरवं काहीतरी हलायचं. तिनं छतावरून हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. तो म्हणाला, "अगं, ही विकायला काढलीस तर निम्म्याला जाईल." ती त्याच्याकडे वळून म्हणाली होती, "घेतानाच विकायचं कसं सुचतं हो तुम्हाला?" रागानं नाही, खरोखरच्या कुतूहलानं. मग त्यांनी घरची घेतली. पांढरी, कारण पांढरीला गिऱ्हाईक जास्त. रस्त्यावर अशा इतक्या होत्या की दुकानाबाहेर बायको आपली समजून दुसऱ्याच गाडीला किल्ली लावायची आणि घरी येऊन हसत सांगायची. सगळ्यांसारखी असते म्हणून तर ती किंमत धरून राहते, असं तो तिला समजावायचा. सगळ्यांसारखी असते म्हणूनच ती ओळखू येत नाही, हे त्याला आज, तिच्याच सीटवर बसून, कळत होतं.

आणि बायको. ती ओळखू येत होती का? सीट पुढे सरकवलेली होती, त्याचे गुडघे खाली टेकत होते. गेल्या कित्येक महिन्यांत तो या गाडीत बसला नव्हता. पहाटे दुचाकी काढून तो यार्डात येई, दिवसभर लोकांच्या गाड्यांत बसून लोकांची आयुष्यं हुंगत राही. ब्रेकच्या पट्टीवरून सांगे की चालवणारा घाबरट आहे, स्टिअरिंगच्या झिजेवरून सांगे की एका हातानं चालवतो, दुसरा फोनवर. घरी गेला की त्याची बोटं थकलेली असत. जेवणाच्या टेबलावर तिनं त्याची जागा बदलली, तेव्हाही बोटं थकलेलीच होती. "तुम्ही इकडे बसा, माझ्या उजवीकडे. तिकडून वारा येतो." वारा कुठून येतो हे बघायला त्यानं खिडकीकडे मान सुद्धा वळवली नव्हती. पाण्याचा पेला ठेवताना तिनं तो टेबलाच्या कडेबाहेर सोडला, एकदा, दोनदा, आणि तो म्हणाला, "लक्ष कुठे असतं तुझं?" रस्त्यानं चालताना ती एकाएकी सबंध मान फिरवून डावीकडे बघायची, कुणी हाक मारल्यासारखी, आणि त्याला वाटायचं की तिला त्याच्याशी बोलायचा कंटाळा आलाय. संशय यावा असं काही नव्हतंच. सुईत दोरा ती अजून एका झटक्यात ओवायची. शिलाईची रेघ तिची कधी हलली नाही. मशिनवर बसली की तिचं ते गुणगुणणं चालायचं, स्वतःच जुळवलेलं, टाचेच्या ठेक्यावर:

शिविते मी पडदा, उन्हाला घालिते आडकाठी,
वाऱ्याला ठेवी बाई, बोटभर वाट पाठी.

मधलं सगळं शाबूत होतं. गेली होती ती कड. आणि कडेला कोण बघतं?

"काका, झोपलात का?" टकटकीनं खिडकीतून डोकं आत घातलं. "गाडी बरी दिसतेय. घरची आहे, पांढरी आहे, इंजिन गोड आहे. चांगला भाव येईल ना हिला?"

"येईल," तो म्हणाला. "हिचा भाव पडत नाही." मग झाकणावर हात ठेवून म्हणाला, "डाव्या बाजूचं लिहिलंस ते, ते चालवणाऱ्याचं, ते राहू दे जरा."

"लिहिलंच नाही मी. असलं कुठे लिहितात?"

तो उतरला आणि डावीकडच्या दारापाशी उकिडवा बसला. मघाशी त्याच्या बोटाखालून गेलेली एक रेघ आता त्याला नीट बघायची होती. निळी, कमरेच्या खालच्या उंचीची. परक्या गाडीवर असताना ती नुसती एक रेघ होती, पॉलिशनं जाणारी, चार पैशांची. आता तो तिच्या आणखी जवळ सरकला. एवढ्या उंचीवर निळा रंग घेऊन काय उभं असतं, हे सांगायला वैद्य कशाला हवा? लहान मुलाची सायकल. त्यानं रेघेवर बोट ठेवलं. ती सरळ आहे असं त्याला वाटलं. मग वाटलं, सरळ असावी असं आपल्याला वाटतंय. बोट पुन्हा मागे नेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला त्याचं बोट काही सांगेना.

काचेच्या खोलीचं दार मागच्या अंगाला होतं. तो आत शिरला तेव्हा ती बाकाच्या टोकाशी, पर्स मांडीवर धरून, त्याच्याकडे डावा खांदा करून बसलेली होती. तो तिच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ती समोरच्या पडद्याची शिवण बघत होती. तिच्या लेखी तो तिथे नव्हता. किती दिवसांपासून नव्हता, असं त्याच्या मनात आलं, आणि तो हळूच तिला वळसा घालून उजवीकडे गेला.

"अगंबाई!" ती दचकली. "तुम्ही तिकडच्या शेडवर जाणार होतात ना?"

"रद्द झालं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. त्याला पांढऱ्या रंगाची भुकटी लागलेली होती. "म्हणजे तुम्हीच बघितलीत."

"ओळखली नाही गं. आत बसेपर्यंत ओळखली नाही."

"तारेवरून ओळखलीत," ती म्हणाली. तिला थोडं हसू आलं. "काढणार होते मी ती. काढवेना. इतकी घट्ट पिळलीय मेली." मग पर्सचा बंद उघडत मिटत ती म्हणाली, "कंटाळा आला चालवायचा. विकून टाकली असं सांगणार होते तुम्हाला. घेताना तुम्हीच म्हणाला होतात, ही कधीही विकता येईल."

तो अंगठ्यावरची भुकटी बघत राहिला. त्यावरूनच तिला कळलं की त्यानं गाडीवरून सगळं वाचलंय.

"काचबिंदू आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "गेलं ते परत येत नाही म्हणाले. आहे ते थेंबांवर राहील. तसं काही अडत नाही हो. सुई दिसते, माप दिसतं, तुम्ही दिसता... इकडे बसलात की."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला?" तिनं मान वाकडी केली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "तुम्ही लगेच हिशोब मांडला असतात. काय गेलं, काय राहिलं, अजून किती दिवस चालेल. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. यार्डातल्या आवाजात."

बाहेर कुणीतरी एक इंजिन सुरू केलं, ते खाकरलं आणि बंद पडलं. त्याला सांगायचं होतं की त्याचा घरचा आवाज वेगळा आहे. पण तो कधी काढला होता, ते चटकन आठवेना.

"दारावरची निळी रेघ बघितलीत?" तिनं विचारलं. आता ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"बघितली."

"मला दिसलंच नाही काही. नुसता आवाज आला, कर्र असा. थांबले, उतरले, बघते तर सायकल आडवी पडलेली. छोटीशी. आणि तिचं चाक फिरत होतं. आसपास कुणी नाही. मी हाका मारल्या. दोन घरांची दारं वाजवली. कुणी आलं नाही. पण चाक फिरत होतं हो. कुणीतरी होतं म्हणूनच ना? लागलं असेल, घाबरून पळालं असेल. तेव्हापासून मशिनवर बसले की मशिनचं चाक फिरतं आणि मला तेच दिसतं." तिनं त्याच्या भुकटी लागलेल्या अंगठ्याला बोट लावलं. "तुम्हाला सगळं कळतं ना पत्र्यावरून? मग हे सांगा. त्याच्यावर कुणी होतं का?"

"नव्हतं," तो म्हणाला.

"खरं सांगताय की भाव करताय?"

उत्तर त्याच्या बोटांनी दिलेलं नव्हतं, त्यानं दिलं होतं. तिला ते ऐकू आलं होतं, जसा त्याला पत्र्याखालचा पोकळपणा ऐकू येतो. तो दाराकडे वळला. "तू इथेच थांब. पडद्याच्या आत. काही बोलू नकोस."

गाडी त्यानं स्वतः ढकलत आणली आणि डावं दार काचेच्या खोलीशी येईल अशी उभी केली. खोलीच्या खिडकीची काच थोडी सरकवली. नंबरावरच्या काळ्या पिशव्या अजून चढवलेल्या होत्या, तरी त्यांच्या नाड्या त्यानं पुन्हा आवळल्या. मग मामांना हाक मारली. मामा पलीकडे एका नटवीचं बॉनेट उघडून तिला शिव्या देत होते. ते हात पुसत आले.

"काय रे वैद्या, रोगी हाताबाहेर गेला वाटतं?"

"एका रेघेवर अडलोय. तुम्ही सांगा." तो मोठ्यानं बोलला, मामांच्या कानासाठी आणि पडद्यासाठी. ती कशाची असावी, कशी असावी, यातलं त्यानं काही म्हटलं नाही. जीभ दातांखाली धरून उभा राहिला.

मामा गुडघ्यावर हात ठेवत वाकले. चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळे मिटले. त्यांचं बोट रेघेच्या सुरुवातीला टेकलं आणि गोगलगाय चालावी तसं चालू लागलं. तो त्या बोटाकडे बघत होता. आयुष्यात कुठल्या गाडीचा कुठलाच आकडा त्याला इतका हवासा वाटला नव्हता. बोट शेवटाला पोचलं, खाली उतरलं, तिथला छोटा खळगा चाचपला आणि परत उलट फिरलं.

"सायकल," मामा म्हणाले. "पोराची. मुठीचं रबर गेलेलं, उघडी निळी नळी लागलीय."

"बरं."

"भिंतीला नाहीतर खांबाला टेकवून ठेवलेली. गाडी अगदी हळू. रिकामी सायकल घासत गेली आणि पडली. एवढ्यासाठी बोलावलंस मला?"

"रिकामी कशावरून?" त्यानं विचारलं.

"अरे, वर पोर असतं तर मूठ वळली असती, रेघ तुटली असती. खाली पायडलचा टोला बसला असता. इथे बघ, काही आहे? सरळ एका उंचीनं गेलीय पट्ठी, शेवटाला तेवढी घसरलीय. बसणारं माणूस इतकं सरळ राहतं होय?"

"पण मामा, पडल्यावर तिचं चाक फिरत होतं असं कुणी सांगितलं तर?"

"फिरणारच की!" मामा वैतागले. "पडलेल्या सायकलीचं चाक फिरतं. त्याला पोर कशाला लागतं? आज झालंय काय तुला? कुणाची गाडी आहे ही?"

खिडकीतला पडदा हलला. आतून कुणीतरी तो मुठीत घट्ट धरावा तशा त्याच्या कापडाला वरपासून खालपर्यंत चुण्या पडल्या, बराच वेळ तशाच राहिल्या आणि मग एकेक करून सुटत गेल्या.

"गिऱ्हाईकाची," तो म्हणाला.

मामांनी पडद्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि नटवीकडे परत गेले. जाताना मात्र गाडीच्या टपावर सहज थोपटल्यासारखा हात ठेवून गेले.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे धुतल्यासारखे होते. टकटक तिला ओळखून गोंधळली, मघाचा आपलाच विनोद आठवून कानापर्यंत लाल झाली आणि टॅब छातीशी धरून उभी राहिली. "काकू, भाव चांगला आलाय," ती घाईघाईनं म्हणाली. "डाव्या बाजूचं मी काही तोडलेलं नाही."

"तोड गं," बायको म्हणाली. "खरं आहे ते. काका बरोबर बोलले." मग तिनं गाडीकडे सबंध मान वळवून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, खिडकीचं माप घ्यावं तसं बघून घेतलं. "घेणाऱ्याला सांग, समोरच्या कप्प्याची तार बदलू नका म्हणावं. खिटीपेक्षा चांगली आहे."

यार्डाच्या फाटकाबाहेर रस्ता रुंद होता आणि पदपथ अरुंद. दुचाकी त्यानं आतच ठेवली. दोघं चालू लागले. सवयीनं तो तिच्या उजवीकडे होता, जिथे तो तिला दिसत होता. समोरून माणसं येत होती, पलीकडून गाड्या जात होत्या. पांढऱ्या घरच्या, एकामागून एक, सगळ्या सारख्या. मधेच एक मोरपिशी पाहुणी गेली, जुनी झालेली, आरशाला चिकटपट्टी लावलेली. उन्हात तिच्या अंगात हिरवं काहीतरी हललं. तो तिच्याकडे बघत राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत. तिचा आजचा भाव काय येईल, हे त्याच्या मनात आलं नाही. आलं नाही हे थोड्या वेळानं लक्षात आलं.

मग तो चालता चालता थांबला आणि मागून फिरून तिच्या डाव्या बाजूला आला.

"अहो?" ती जागच्या जागी थबकली. तिचा उजवा हात हवेत त्याला शोधू लागला. "कुठे गेलात?"

त्यानं बोटाच्या पेरानं तिच्या डाव्या खांद्यावर हलकेच दोनदा वाजवलं. ती वळली नाही. कळलं होतं तिला. पुढे बघत, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत तिनं विचारलं, "काय हो? पुट्टी लागली का?"

"नाही," तो म्हणाला, आणि आवाज त्याचा त्यालाच नवा वाटला. "मूळचा रंग आहे."